घरी प्राणी आणण्याआधी: गोव्यातल्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या फोंड्याच्या घरी सध्या दोन गावठी कुत्रे आणि एक मांजर आहे. रस्त्यावर सोडलेल्या पिल्लांना घर शोधून देण्याच्या कामात मी गेली काही वर्षं हातभार लावते, त्यामुळे ओळखीपाळखीतून फोन येत असतात. बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "कुठलं पिल्लू घेऊ?" मी उलट विचारते, "जुलै महिन्यात दुपारी दोन वाजता तुमच्या घरी कोण असतं?" बराच वेळ समोरून उत्तर येत नाही. पुढचे प्रश्न अशाच बोलण्यांतून जमले आहेत.

माहिती काढायची म्हणजे आधी कशाची?

आधी स्वतःच्या घराची. एक आठवडा वहीत लिहून ठेवा: घर किती वाजता रिकामं होतं, परत कोण पहिलं येतं, दुपारी कुठल्या खोलीत किती उकडतं, डोक्यावर कौलं आहेत, पत्रा आहे की स्लॅब, गेट थेट रस्त्यावर उघडतं का, कुंपणाला खालून भगदाड आहे का. हे लिहून झालं की निम्मे प्राणी आपोआप यादीतून गळतात.

मग आयुष्याचा हिशोब. हॅमस्टर दोन-तीन वर्षं जगतो, बजी (पिंजऱ्यातला छोटा रंगीत पोपट) पाच ते दहा, ससा आठ ते बारा, कुत्रा साधारण दहा ते चौदा, घरात राहणारं मांजर बारा ते अठरा. कॉकाटील हा तुऱ्याचा छोटा पोपट पंधरा-वीस वर्षं सोबत करतो आणि आफ्रिकन ग्रे पोपट चाळीस-पन्नास. मुलगी सहावीत असताना आणलेलं मांजर ती नोकरीला लागली तरी घरात असणार. तेव्हा ती पुण्याला किंवा बंगळुरूला असेल, आणि मांजर तुमच्याकडे.

घरात सगळ्यांना हवं आहे, फक्त आई नको म्हणते. आणू का?

नका आणू. दिवसभर घरात तीच असेल तर शू पुसणं, पाणी बदलणं, दुपारचं जेवण घालणं तिच्याच गळ्यात पडणार. तिने मनापासून हो म्हटल्यावरच पुढचं पाऊल टाका.

पावसाळ्याबद्दल तुम्ही इतकं का बोलता?

कारण गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. माहितीच्या पुस्तकांत "कुत्र्याला रोज दोनदा फिरवा" एवढंच लिहिलेलं असतं. आमच्याकडे याचा अर्थ सलग चार महिने दिवसातून दोनदा भिजलेला कुत्रा, आठ पंजे घरभर उमटलेले आणि न वाळणारे टॉवेल. मी कुत्र्यांसाठी सहा जुने टॉवेल वेगळे ठेवले आहेत आणि तेही जुलैत पुरत नाहीत. बोटांच्या मधली कातडी ओली राहिली की तिथे बुरशी धरते: आधी लालसर होतं, मग कुत्रा रात्रभर पंजा चाटत बसतो. कान लोंबते असतील तर आतून आंबूस वास यायला लागतो. फिरून आल्यावर प्रत्येक बोट वेगळं करून पुसावं लागतं. एका कुत्र्याला पाच मिनिटं धरा.

पावसाबरोबर गोचीड येते आणि गोचिडीबरोबर ताप. कुत्रा खायचा थांबला, हिरड्या फिक्या पडल्या, अंग तापलं किंवा नाकातून रक्त आलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. कुत्र्याचं साधं तापमान 101 ते 102.5 फॅरनहाइटच्या आसपास असतं, तेव्हा नुसता हात लावून ताप ठरवू नका. तुंबलेल्या पाण्यात उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस हा रोग पसरतो. तो माणसालाही होतो. कुत्र्याच्या वार्षिक लशीत लेप्टो आहे ना, हे डॉक्टरांना विचारून घ्या आणि ही लस पावसाच्या आधी द्या.

लहान पिल्लू मे अखेरीस आणू नका असं मी सगळ्यांना सांगते. लशी पूर्ण व्हायच्या आत पाऊस सुरू होतो, आणि शू-शी बाहेर करायला शिकवायची ती नेमकी बाहेर जाता येत नाही अशा दिवसांत. ऑक्टोबर-नोव्हेंबर बरा.

कुत्र्याचा खर्च नक्की किती येतो?

दुसऱ्या कोणाचा आकडा सांगण्यापेक्षा माझी गेल्या वर्षाची वही उघडते. हा पंधरा किलो वजनाच्या एका गावठी कुत्रीचा खर्च:

खाणं महिन्याला 2,400, म्हणजे वर्षाचे 28,800 रुपये. लशी 2,000. जंताचं औषध 600. गोचिडीच्या गोळ्या, तीन महिन्यांनी एक, 4,400. ऑगस्टमध्ये गोचिडीचा ताप आला तेव्हा रक्ततपासणी, सलाईन आणि औषधं मिळून 6,700. आम्ही सहा दिवस बाहेरगावी होतो तेव्हा तिला ठेवलं त्याचे 3,600. बेरीज 46,100 रुपये. कुत्री स्वतः फुकट मिळाली होती.

वहीतला 6,700 चा आकडा पुन्हा बघा. गोळी द्यायला मी बारा दिवस उशीर केला होता.

आजच्याच भावाने बारा वर्षं धरली तर साडेपाच लाख होतात. हा आकडा ऐकून कोणी मागे फिरलं तर मला वाईट वाटत नाही, कारण पिल्लू आणल्यावर मागे फिरणारे मी जास्त पाहिले आहेत. खर्च कमी करायचे मार्ग आहेत. तालुक्यातल्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात लस आणि तपासणी खासगीपेक्षा बरीच स्वस्त पडते. खाणं घरी शिजवता येतं. शिवाय महिन्याला पाचशे-हजार रुपये "आजारपण" म्हणून बाजूला टाकत गेलात तर ऑगस्टची रात्र जरा सोपी जाते.

मोठ्या जातीचा खर्च वजनाबरोबर वाढतो: खाणं, जंताचं औषध, गोचिडीची गोळी, भूल, सगळं किलोवर.

हस्की, सेंट बर्नार्ड, पग यांच्यापैकी कुठला गोव्यात राहू शकेल?

हस्की आणि सेंट बर्नार्ड थंड मुलखातले आहेत, त्यांच्या अंगावर दुहेरी केसांचं पांघरूण असतं. त्यांना गोव्यात ठेवायचं म्हणजे एसी जवळजवळ बारा महिने, आणि जूनच्या वादळात वीज गेली की काय करायचं हा प्रश्न उरतोच. पगचं नाक चेपलेलं असतं. कुत्रा धापा टाकून अंग गार करतो आणि पगला नेमकं तेच नीट जमत नाही. मे महिन्यात संध्याकाळी साडेपाचला फिरवलेला पगही कोसळू शकतो. माझं मत विचाराल तर गोव्यासाठी या तिन्ही जाती नकोत.

मग गावठी कुत्रा आणायचा कुठून?

गोव्यात उत्तरेपासून काणकोणापर्यंत प्राणी सांभाळणाऱ्या संस्था आहेत आणि त्यांच्याकडे पिल्लं बारमाही असतात. पर्यटनाचा हंगाम संपून किनाऱ्यावरचे शॅक, म्हणजे तात्पुरती खानावळी, उतरले की तिथे वाढलेले कुत्रे उपाशी पडतात, तेव्हा तर जागाही पुरत नाही. दीड-दोन वर्षांचा कुत्रा घ्यायलाही कचरू नका. त्याचा स्वभाव, आकार, मांजराशी कसा वागतो, एकटा राहतो का, हे सगळं तिथली माणसं आधीच सांगू शकतात. पिल्लाच्या बाबतीत ते कोणालाच सांगता येत नाही. एकदा जाऊन लगेच उचलून आणू नका. दोन-तीनदा जा, घरातल्या सगळ्यांना घेऊन जा.

विकत घेतलं तर काय बघायचं?

आई. पिल्लाची आई समोर दाखवत नसतील तर तिथून परत या. केंद्र सरकारच्या 2017 च्या नियमांप्रमाणे कुत्र्यांची पैदास करणाऱ्याने राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असावी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. प्राण्यांच्या दुकानांसाठीही 2018 चे नियम आहेत, त्यांनाही नोंदणी लागते. तो कागद मागा. मागायला संकोच वाटतो हे मला ठाऊक आहे, पण दुकानदाराच्या चेहऱ्यावरूनही बरंच कळतं. "अडीच महिन्यांचं आहे" असं सांगून दिलेलं पिल्लू दातांवरून महिन्याचं निघालेलं मी पाहिलं आहे. रस्त्यात गाडी थांबवून कोणी कुरियरने पिल्लू हातात देत असेल तर घेऊ नका.

घरचं शीत-नुस्तं, म्हणजे भात-मासळी, घातलं तर चालेल ना?

हा प्रश्न फक्त आपल्याकडेच येतो आणि त्याचं उत्तर थोडं लांब आहे.

शीत चालतं, पण नुसत्या शितावर कुत्रा जगत नाही. ताटात निम्म्याच्या आसपास प्रथिनं हवीत: उकडलेली कोंबडी, अंडं, काटे काढलेला बांगडा. सोबत थोडा तांबडा भोपळा किंवा गाजर. मीठ, मिरची, हळदीची फोडणी नको. आपली हुमण, कालवण किंवा शाकुती कुत्र्याच्या ताटात जाता कामा नये, कारण त्यात कांदा-लसूण असतो आणि कांदा-लसणाने कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. एका दिवसात दिसत नाही, हळूहळू हिरड्या पांढऱ्या पडतात. खारवलेलं सुकं नुस्तं तर अजिबात नको. चॉकलेट, द्राक्षं आणि मनुका विषारी आहेत, म्हणून दिवाळीचा फराळ आणि नाताळचा केक उंचावर ठेवा.

हाडं शिजली की ठिसूळ होतात आणि त्यांच्या सुरीसारख्या चिरफळ्या निघतात. रविवारच्या कोंबडीची हाडं शेजारीपाजारी प्रेमाने आणून देतात, त्यांना नम्रपणे नाही म्हणायला शिका. काही मासे कच्चे रोज खाल्ले तर शरीरातलं थायमिन हे जीवनसत्त्व कमी होतं, म्हणून नुस्तं उकडूनच द्या.

मांजराचं गणित वेगळं. त्याला टॉरीन हे द्रव्य मांस-मासळीतूनच मिळवावं लागतं. ते कमी पडलं तर हृदय आणि डोळे खराब होतात. घर शाकाहारी असेल आणि ओट्यावर मांस चालणार नसेल तर मांजर आणू नका. तिला शाकाहारी करायचा प्रयत्न तिच्या जिवावर बेततो.

कुठलंही औषध घरच्या डब्यातून देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते.

मांजर कुत्र्यापेक्षा सोपं असतं का?

फिरवावं लागत नाही एवढंच. चार-पाच महिन्यांची मांजरी गाभण राहू शकते, तेव्हा नसबंदीची तारीख लशींच्या वेळीच ठरवा. फ्लॅटमध्ये बाल्कनीला जाळी हवीच. मांजर उंचावरून पडत नाही हा समज खोटा आहे.

मुलांसाठी ससा आणायचा आहे. लहान, गोड, खर्चही नाही.

मीही हेच समजून दोन ससे आणले होते. एप्रिल महिना, मुलगा चौथीत. विकणाऱ्याने सांगितलं, दोन्ही नर आहेत. पिंजरा पत्र्याच्या पडवीत ठेवला, खायला गाजर आणि कोबी. मे महिन्यात एका दुपारी मी कामावरून आले तेव्हा पांढरा ससा कुशीवर पडला होता, कान गरम, तोंड उघडं. पाणी शिंपडलं, पंखा लावला. दवाखान्यात पोचेपर्यंत तो गेला. मुलाने त्याच्यासाठी कागदाचं घर केलं होतं, ते अजून माझ्या कपाटात आहे. तीन आठवड्यांनी दुसरीला पिल्लं झाली.

त्यानंतर जे वाचलं आणि डॉक्टरांना विचारलं ते आधी विचारायला हवं होतं. सशाला माणसासारखा घाम येत नाही. तीस अंशांच्या पुढे त्याचा जीव धोक्यात येतो, आणि आमच्याकडे मे महिन्यात पत्र्याखाली त्याहून कितीतरी जास्त असतं. गाजर हा त्याचा खाऊ आहे, जेवण गवताचं: ताटातला मोठा भाग वाळलेल्या गवताचा, कारण त्याचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि गवत चावूनच झिजतात. भाताचा पेंढा पुरत नाही. चांगलं गवत मागवावं लागतं आणि पावसाळ्यात हवाबंद डब्यात ठेवावं लागतं, नाहीतर बुरशी येते. ससा बारा तास काही खात नसेल तर ती तातडीची वेळ समजा, त्याचं आतडं थांबलेलं असू शकतं. सशावर उपचार करणारे डॉक्टर कमी आहेत, ते आणण्याआधी शोधा. शिवाय बहुतेक सशांना उचलून घेतलेलं आवडत नाही, आणि मुलांना नेमकं तेच हवं असतं.

थंड फरशीची, हवेशीर खोली मोकळी देऊ शकत असाल तर ससा आणा.

पोपट पाळायचा आहे. आजोबांकडे होता.

हिरवा, गळ्यात कंठ असलेला पोपट, म्हणजे आपला कीर, वन्यजीव संरक्षण कायदा 1972 खाली येतो. त्याला पकडणं, विकणं, विकत घेणं आणि पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे. मुनिया आणि डोंगरी मैनेचंही तेच. आजोबांच्या काळी सगळीकडे दिसायचा म्हणून आज चालत नाही. माडावरून पडलेलं पिल्लू सापडलं तर वन खात्याला कळवा.

बजी, कॉकाटील, लव्हबर्ड हे परदेशी वंशाचे आणि पिंजऱ्यातच पैदास होणारे पक्षी पाळता येतात. मोठे परदेशी पोपट, परदेशी अजगर, इग्वाना अशा प्राण्यांसाठी 2024 च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते; आधीच्या मालकाचे कागद नसतील तर हातच लावू नका. पक्ष्यांचे दोन नियम पाठ करा: एकट्याला ठेवू नका, आणि स्वयंपाकघराजवळ ठेवू नका. नॉनस्टिक तवा रिकामा तापला की त्यातून निघणाऱ्या वायूने पक्षी काही मिनिटांत मरतात.

कासव?

पाठीवर चांदण्या असलेलं कासव ठेवणं गुन्हा आहे. दुकानात दिसतं ते कानाजवळ लाल पट्ट्याचं परदेशी कासव नाण्याएवढं असतं, पण वाढून ताटाएवढं होतं आणि तीस वर्षंही जगतं. मग लोक ते तळीत किंवा नदीत सोडतात आणि ते तिथल्या जिवांचं खाणं आणि जागा बळकावतं. मी कोणालाच सुचवत नाही.

निदान मासे तरी सोपे?

मासे स्वस्त आहेत. सोपे व्हायला महिना लागतो. टाकी भरून त्याच संध्याकाळी मासे सोडले की आठवड्याभरात ते मरतात, कारण त्यांच्याच विष्ठेतून अमोनिया तयार होतो आणि तो पचवणारे जिवाणू टाकीत अजून वाढलेले नसतात. टाकी चार ते सहा आठवडे चालू ठेवून मग थोडे मासे सोडा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन काढावं लागतं. विहिरीच्या पाण्यात क्लोरीन नसतं, पण जांभ्या दगडातलं पाणी आम्लधर्मी असू शकतं, तेव्हा पीएच, म्हणजे पाण्याची आम्लता, मोजा. गोल बरणीत गोल्डफिश ठेवू नका. तो दहा वर्षं जगणारा, वीतभर होणारा मासा आहे. वीज गेल्यावर चालेल असा बॅटरीचा हवापंप जूनच्या आधी घेऊन ठेवा. आणि टाकीतला कुठलाही मासा ओहोळात सोडू नका.

फ्लॅट आहे, सोसायटी नाही म्हणते.

भारतीय पशुकल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. घाण उचलणं आणि भुंकण्याचा त्रास होऊ न देणं मात्र आपल्याकडे लागतं. भाड्याचं घर असेल तर करारातच लिहून घ्या. तोंडी "हरकत नाही" म्हणणारा घरमालक बदलला की कुत्रा रस्त्यावर येतो.

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, सगळे मूळ घरी जातो. तेव्हा काय?

हा विचार आधी करणाऱ्यांचं मला फार कौतुक वाटतं. चवथीच्या दिवसांत ठेवण्याच्या जागा भरून जातात, महिना-दीड महिना आधी सांगावं लागतं. सोबत न्यायचं ठरलं तर मूळ घरी माणसांची वर्दळ, फटाके, सतत उघडं दार. एक बंद खोली आणि नावाचा, फोन नंबरचा पट्टा हवाच.

दिवाळीतली नरकासुराची रात्र त्याहून कठीण. पहाटेपर्यंत मोठ्ठा आवाज आणि मग फटाके. दरवर्षी त्या सकाळी हरवलेल्या कुत्र्यांचे फोटो फिरतात. संध्याकाळ व्हायच्या आत फिरवून आणा, खिडक्या लावा, पंखा मोठ्या वेगावर ठेवा, आणि जवळ बसा. फार घाबरणारा कुत्रा असेल तर आठवडाभर आधी डॉक्टरांशी बोला.

मुंबईला न्यायचा असेल तर रेल्वेत कुत्र्याला एसी फर्स्ट क्लासचा पूर्ण कूपे किंवा केबिन, नाहीतर गार्डजवळचा सामानाचा डबा, एवढेच पर्याय असतात.

गोव्यात रेबीज नाही म्हणतात. मग लस कशाला?

गोवा 2021 मध्ये रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला. त्यामागे मिशन रेबीज ही संस्था आणि राज्याचं पशुसंवर्धन खातं यांची गल्लोगल्ली जाऊन लस टोचण्याची कित्येक वर्षांची मेहनत आहे. रोग आटोक्यात राहतो तो लशीमुळे. घरच्या कुत्र्याला आणि मांजरालाही तीन महिन्यांची झाल्यावर लस, आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी. कुठलाही कुत्रा चावला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. चुना, मिरची काही लावू नका. लगेच आरोग्य केंद्रात जा.

आमचं भाट (माडांची बागायत) मोठं आहे, कुत्रा मोकळा सोडला तर?

दिवसा, कुंपण असेल तर. भाटात नाग, घोणस, मण्यार, फुरसं सगळे असतात आणि कुत्रा नाक खुपसल्याशिवाय राहत नाही. तुमच्या जवळच्या दवाखान्यात सर्पदंशावरचं प्रतिविषाचं इंजेक्शन ठेवतात का आणि रात्री कोण असतं, हे आजच फोन करून विचारा. सत्तरी, सांगे, काणकोण या बाजूला बिबटे कुत्रे नेतात. तिथे रात्री कुत्रा बाहेर साखळीने बांधणं म्हणजे त्याला पळताही येऊ न देणं.

आणलं आणि नाहीच जमलं तर?

जिथून आणलं तिथे लवकर सांगा. चांगली संस्था परत घेते आणि रागावत नाही. प्राणी सोडून देणं 1960 च्या क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. मासळीबाजारापाशी सोडलं की "तिथे खायला मिळेल" असं लोक म्हणतात. घरात वाढलेला कुत्रा तिथे पहिल्या दोन दिवसांत चावे खातो किंवा गाडीखाली येतो.

ठरलं. उद्या पिल्लू येणार. काय तयारी करू?

सुट्टीच्या आदल्या दिवशी आणा, म्हणजे एक पूर्ण दिवस कोणीतरी घरी राहील. आधीचं खाणं निदान आठवडाभर तेच ठेवा, नाहीतर पोट बिघडतं. पाहुणे आठ दिवसांनी. त्याच्या आईच्या अंगाला घासलेला एखादा कपडा मिळाला तर मागून आणा. पहिल्या रात्री ते रडणार. दुसऱ्या खोलीत बंद करू नका. तुमच्या अंथरुणाशेजारी खोकं ठेवा आणि हात खाली सोडून झोपा. मध्यरात्री ते हात हुंगतं, पुन्हा झोपतं. पहाटे पाच वाजता मात्र उठून बाहेर न्यावं लागेल.